बोल्ट, कापूस आणि माझा करदोडा

मी तीन तास माझ्याच कमरेतल्या करदोड्याचा आवाज ऐकत होतो, आणि शेवटी कापसाच्या ढिगात लोखंड नाही असं सांगून जिनिंग सुरू करायला लावली.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढं वाचणारा माझ्याकडून शहाणपणाची वाट बघणार नाही.

आम्ही तेव्हा हैदराबाद राज्यातून नुकतेच मुंबई राज्यात गेलो होतो. मी जिंतूरकडच्या एका मिडल शाळेत शास्त्र शिकवायचो. शिकलो होतो उर्दूत, शिकवायचं होतं मराठीत, त्यामुळं वर्गात निम्मा वेळ शब्द शोधण्यात जायचा. उरलेल्या वेळात मला दुसरं काहीतरी शोधायचा नाद लागला. हैदराबादच्या जुन्या बाजारात लष्करी भंगार विकायला यायचं. तिथून मी एक हेडफोन, दोन वॉल्व्ह आणि एक फिरवायचं बटण आणलं. रेडिओच्या एका मासिकात जमिनीतलं लोखंड हुडकायच्या यंत्राची आकृती होती, तिच्यावरून यंत्र बांधायला घेतलं.

त्याचं तत्त्व सोपं होतं. डब्यात दोन सूर चालू असतात, भजनातल्या दोन टाळकऱ्यांनी एकच सूर धरावा तसे. एक सूर डब्यातच राहतो. दुसरा बाहेरच्या तारेच्या वेटोळ्याला बांधलेला असतो. वेटोळ्याजवळ धातू आला की दुसरा घसरतो, आणि दोघांतला फरक हेडफोनमध्ये शिट्टीसारखा वाजतो. वेटोळं मी बायकोच्या एका सपाट दुरडीभोवती गुंडाळलं आणि वरून मेण ओतलं. दुरडी पुन्हा भाकरी ठेवायच्या कामाची राहिली नाही, हे मला आठवडाभर जेवताना ऐकावं लागलं.

टेबलावर यंत्र उत्तम चालायचं. उलथनं, विळी, शाळेची घंटा, सगळं ओळखायचं. टेबलावरून उतरलं की मात्र त्याचा स्वभाव बदलायचा. बॅटरी पाट्याच्या दगडाएवढी जड, म्हणून ती पडशीत घालून पाठीवर टाकली. बॅटरीची तार आखूड, म्हणून डबाही त्याच कप्प्यात गेला. डबा पाठीवर गेल्यामुळं त्याचं बटणही पाठीवर गेलं, आणि तिथं माझा हात पोचेना. वेटोळ्याची तार लांब केली की सूर बिघडायचा, म्हणून दांडाही दीडच हात ठेवला. छत्रीचाच दांडा तो. त्यामुळं वेटोळं माझ्या पोटाखाली लोंबायचं आणि मी पाण्याच्या पखालीच्या भारानं वाकलेल्या हल्यासारखा, म्हणजे रेड्यासारखा, दिसायचो.

शाळेच्या पटांगणात घेऊन गेलो तर शिट्टी थांबेना. त्या जागी निजामी काळात तहसीलचा तबेला होता. घोड्यांच्या नालांचे खिळे जमिनीत असणारच, असं मी ठरवून टाकलं. यंत्रात काही खोट असेल अशी शंका मला शिवली नाही. तहसीलवर मात्र लगेच आली.

आता जिनिंग. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे मालक, गावाबाहेरच्या एका, कापसातली सरकी काढायच्या, जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडं सहज चहाला गेलो, तर इंजिन बंद. हंगामात जिनिंगचं इंजिन बंद म्हणजे घरात कोणी आजारी असल्यासारखं वाटतं. सगळी माणसं हात बांधून उभी होती. दाजी शिडीच्या पायथ्याशी उभे राहून समोरच्या कापसाच्या ढिगाकडं बघत होते.

"काय झालं दाजी?"

"बोल्ट पडला."

"मग?"

"मग काय. ह्याच्यात पडला."

छताखालून जाणाऱ्या शाफ्टचा बोल्ट आवळताना त्यांच्या हातातून निसटला होता. अंगठ्याएवढा बोल्ट, आणि खाली छातीइतका उंच, चांगला दहा गाड्यांचा ढीग. कापूस पायांनी तुडवला गेला होता, वरून आणखी ओतला गेला होता, आता बोल्ट कुठं आहे ते कोण सांगणार? आणि तो न सापडता चालणार नव्हतं. जिनच्या रुळात आणि सुरीत लोखंड गेलं की ठिणगी उडते. कापसातली आग भडकून दिसत नाही, आतल्या आत सरकत राहते, आणि धूर दिसतो तेव्हा सगळं आटोपलेलं असतं. मागल्या हंगामात दुसऱ्या एका गावी असं झालं होतं. आमच्या ह्या जिनघरात बारा जिन एका रांगेत होते, प्रत्येकावर एक बाई बसून कापूस चारायची, आणि दार एकच होतं, ते पार दुसऱ्या टोकाला.

दाजींनी लपवलं नव्हतं. स्वतः जाऊन मॅनेजरला सांगितलं होतं. मॅनेजर हैदराबादकडचा, कडक पण सरळ माणूस. त्यानं सांगितलं, "दोनच्या भोंग्याला जिन चालू पाहिजे. बाहेर सडकेवर गाड्यांची रांग लागलीय. बोल्ट मिळाला तर ठीक. नाही मिळाला तर फिटर, उद्यापासून येऊ नका. असा आदमी मला बारा बायकांच्या डोक्यावर नको."

मुकादमबाई तिथंच होत्या. पन्नाशीच्या, उंच, कपाळ मोकळं. सगळ्या जिनवाल्या बायका त्यांच्या हाताखाली. त्या म्हणाल्या, "साब, आमी तेरा जणी हाव. ढीग पसरतो आन हातानं बगतो. दोनला मोकळा करून देतो."

मॅनेजर हो म्हणणारच होता. तेवढ्यात मी म्हणालो, "थांबा."

ते "थांबा" अजून माझ्या कानात आहे. नव्या यंत्राचा मालक, त्यात मास्तर, त्यात पुढ्यात पंचवीस माणसं. मी यंत्राबद्दल जे बोललो ते आता आठवलं तरी कानशिलं तापतात. तासाभरात बोल्ट काढून देतो म्हणालो.

दाजी माझ्याकडं बघत म्हणाले, "मास्तर, खात्री हाय का?"

"दाजी, शास्त्र आहे."

"शास्त्र हाय ते ठीक. तुमची खात्री हाय का?"

मी सायकलवर टांग टाकून यंत्र आणायला गेलो. उत्तर द्यायचं राहिलं.

परत आलो आणि पहिलं काम केलं ते सगळ्या बायकांना बाहेर काढायचं. "तुमच्या अंगावर जोडवी, पाटल्या, डोरली," मी म्हणालो, "त्यांनी यंत्र बहकेल. लिंबाखाली जाऊन बसा." हमालांनाही ढिगापासून दूर उभं केलं, थर मोकळा करण्यापुरतं जवळ यायचं आणि मागं सरायचं. मग स्वतःची तयारी. चपलांना खिळे, म्हणून चपला काढल्या. घड्याळ काढलं. किल्ल्या काढल्या. सदऱ्याची पितळी बटणं काढून दोरा बांधला. आता माझ्या अंगावर तिळाएवढाही धातू नाही, असं मी मॅनेजरला मोठ्यानं सांगितलं.

वॉल्व्ह तापायला पाव तास गेला. मग मी पुढं दुरडी फिरवत आणि दाजी मागं माझ्या पाठीवरचं बटण फिरवत, अशी आमची वरात ढिगावर चढली. मी औताचा बैल, ते औत्या.

शिट्टी लगेच आली. हमालांनी तिथला कापूस मोकळा केला. काही नाही. दोन पावलं पुढं गेलो, पुन्हा शिट्टी. पुन्हा मोकळा केला. काही नाही. वाकलो की शिट्टी चढायची, सरळ झालो की उतरायची. मला वाटलं, बोल्ट खोल आहे म्हणून वाकल्यावर जास्त ऐकू येतं. बघा, चुकीचं उत्तरसुद्धा किती शिस्तीत येतं! बारा वाजता दाजींच्या कपाळावरून घाम टिपकत होता. थंडीचे दिवस होते.

"मास्तर, त्या बायांना बलवू का?"

"थोडं थांबा दाजी. यंत्र फार तिखट झालंय. जरा मंद करतो."

मंद करणं म्हणजे दोन्ही सूर इतके जवळ आणणं की लहानसहान कारणानं ते हलणारच नाहीत. दाजींनी बटण फिरवलं, मी "अजून, अजून" म्हणत गेलो, आणि एका जागी यंत्र गप्प झालं. वाकलो तरी गप्प. मला इतकं हायसं वाटलं! त्याच गप्प यंत्रानं मी सगळा ढीग, थरावर थर, पुन्हा तपासला. एक वाजता खाली उतरलो आणि जाहीर केलं, "ढिगात बोल्ट नाही. बाहेर कुठंतरी उडाला असणार."

मॅनेजरनं विचारलं, "पक्कं?"

मी म्हणालो, "पक्कं."

 दाजींनी माझ्याकडं पाहिलं. नोकरी त्यांची होती आणि शब्द माझा होता, आणि मेव्हण्याचा शब्द चारचौघांत खोटा कसा पाडायचा, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मला ते तेव्हा वाचता आलं नाही.

"मग दोन कशाला वाजवायचे?" मॅनेजर म्हणाला. "चलाओ."

बायका आत आल्या. हमालांनी ढिगातून टोपल्या भरून एकेका जिनपाशी नेऊन ठेवल्या. शाफ्टचे बाकीचे तीन बोल्ट जागेवर होते, तूर्त तेवढ्यावर चालवायचं ठरलं. दोघं जण इंजिनाचं चाक ओढायला लागले. मी पाणी प्यायला रांजणाकडं गेलो. पडशी उतरवली, दुरडी भिंतीला टेकवली, हेडफोन तसाच गळ्यात. तारेपुरता लांब होतो. गप्प करायच्या नादात यंत्र बंद करायचं राहिलं होतं, आणि पडशी टेकवताना बटण थोडं सरकलं असणार.

पाण्याचा तांब्या घ्यायला दुरडीवरून वाकलो. गळ्यातला हेडफोन वाजला.

मागं झालो. गप्प.

पुन्हा वाकलो. शिट्टी.

तांब्याची असेल म्हणून तांब्या लांब ठेवला. शिट्टी. खिसे चाचपले, रिकामे. पावलाखाली बघितलं, फरशी. एक पाऊल पुढं, शिट्टी. एक पाऊल मागं, गप्प. जगात त्या वेळी त्या यंत्राला एकच गोष्ट ऐकू येत होती, आणि ती गोष्ट मी होतो. हात आपोआप कमरेवर गेला. सदऱ्याखाली, धोतराच्या वर, बोटांना गार लागलं.

चांदीचा करदोडा. लग्नात सासऱ्यांनी घातलेला. आमच्याकडं पुरुषाच्या अंगावर करदोडा असतो म्हणजे नाक असतं तसा असतो. आपल्याला नाक आहे हे कोण मोजायला जातं? पोटाभोवती चांदीचं बंद कडं, आणि त्याच्या दीड हात खाली माझं वेटोळं. मी वाकलो की दोघं जवळ यायचे. सकाळपासून मी एवढंच ऐकत होतो.

आणि लगेच पुढचं डोक्यात आलं. मी यंत्र गप्प केलं होतं ते ह्या करदोड्याला ऐकू नये इतकं. जे यंत्र एवढं मोठं कडं ऐकत नव्हतं, ते अंगठ्याएवढा बोल्ट काय ऐकणार? बोल्ट ढिगातच होता. किंवा आता एखाद्या टोपलीत.

इंजिनानं पहिला ठोका दिला.

मी पळालो. हेडफोनची तार तुटली नाही हेच नवल, तो गळ्यातून निघून मागं पडला. "थांबवा! थांबवा!" इंजिनाच्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नव्हतं. शाफ्ट फिरायला लागला होता, पट्टे सळसळत होते, बारा जणींचे हात टोपल्यांत गेले होते. दाजी पलीकडच्या टोकाला होते. मी दोन्ही हात वर करून हलवले. त्यांना वाटलं मी शाबासकी देतोय. त्यांनीही हात हलवला. मग त्यांना माझं तोंड दिसलं असावं. त्यांनी लाकडी दांडा उचलला आणि एका दणक्यात मोठा पट्टा चाकावरून उतरवला.

रूळ हळूहळू थांबले. इंजिन एकटंच ठोके देत राहिलं.

मॅनेजर आला. "आता काय?"

"साहेब, यंत्र चुकलं."

"यंत्र?" दाजींनी विचारलं.

"मी चुकलो," म्हणालो, आणि सदरा वर करून करदोडा दाखवला. बारा जणींनी एकदम पदर तोंडाला लावले. हसायला की लाजायला, ते मी बघितलं नाही.

"काढा मग तो," मॅनेजर म्हणाला. "फौरन."

लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मी सुखी होतो. करदोड्याचा फासा, म्हणजे अडकवायचा आकडा, मांसात रुतलेला; तो उघडेना आणि करदोडा खाली सरकेना. दाजींनी पक्कड आणली. ती फाशाला लावणार इतक्यात एक म्हातारा हमाल म्हणाला, "मास्तरचा बाप जिता हाय ना? मग तोडू नका बरं. करदोडा बाप गेल्यावर मसणात तोडत्यात."

पक्कड थांबली. माझा बाप म्हणजे दाजींचे सासरे. आणि मी? शास्त्राचा मास्तर, वर्गात भुताखेतांची टिंगल करणारा. मी "तोडा" म्हणायला तोंड उघडलं आणि सदरा खाली ओढून घेतला.

मॅनेजरनं घड्याळ काढलं. दीड वाजून गेला होता. ढीग हातानं निवडायला आता वेळ उरला नव्हता, तो मी खाल्ला होता. "दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या," तो म्हणाला. पण कुणाच्या? हमालांच्या करदोड्याला चांदीच्या कड्या, त्याही मसणातच तुटायच्या. दाजींच्या गळ्यात तावीज, दंडात कडं. मॅनेजरच्या शेरवानीला बटणं, बोटांत दोन अंगठ्या. बायकांची जोडवी आणि डोरली नवरा असेपर्यंत उतरत नाहीत, ती उतरवा म्हणायला माझी जीभ धजली नसती.

"आना हिकडं," मुकादमबाई म्हणाल्या.

"मावशी, तुमच्या…"

त्यांनी दोन्ही हात पुढं केले. मनगटं मोकळी. पायांकडं बघितलं, बोटं मोकळी. गळा मोकळा. त्यांना विधवा होऊन वीसेक वर्षं झाली असतील. सकाळी मी ज्यांना लिंबाखाली घालवलं होतं त्यांच्याकडं मी एकदाही धड बघितलं नव्हतं. त्या अख्ख्या जिनिंगमध्ये माझं यंत्र धरू शकेल असं एकच माणूस होतं आणि त्याला मी सगळ्यांत आधी बाहेर काढलं होतं.

मी पडशी आणली. त्यांच्या पाठीवर ठेवायला गेलो तर म्हणाल्या, "बटण पाठीवर कशापायी? माझ्या पाठीला डोळे हायत का?" पडशीला दोन कप्पे असतात. त्यांनी बॅटरी मागच्या कप्प्यात ठेवली, डबा पुढच्यात, आणि मधला पट्टा खांद्यावर टाकला. तार बरोबर पुरली. चार महिने मी हे यंत्र वापरत होतो.

हेडफोन पदरावरून बसवला. मी हात लांब करून, लाजेनं तोंड फिरवून, त्या कानात काय वाजतं ते सांगतील तसं बटण लावून दिलं आणि दहा पावलं मागं गेलो. त्यांनी आधी सगळ्या टोपल्या बाहेर आवारात, लोखंडापासून लांब, रांगेनं ठेवायला लावल्या. "ढीग कुटं पळत न्हाई," म्हणाल्या. "हातातोंडापाशी गेलंय ते आदी बगू."

बांबूच्या बारा टोपल्या. दुरडी पहिलीवर फिरली.

"गप हाय."

दुसरी. "गप."

तिसरी, चौथी, पाचवी. आवाज त्यांच्या कानात, आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. आम्ही पंचवीस जण एका बाईच्या तोंडाकडं बघत होतो आणि त्या तोंडावर काही हलत नव्हतं. सहावी. दाजींनी खाली बघितलं.

सातवीवर त्या थांबल्या. दुरडी मागं नेली, परत आणली.

"वरडायलीय," त्या म्हणाल्या.

टोपली गोणपाटावर उलटी केली. कापसाचे दोन भाग केले, दुरडी फिरवली. ओरडणाऱ्या भागाचे पुन्हा दोन. मग मुकादमबाईंनी स्वतः हात घातला आणि बाहेर काढला तो बोल्ट. तेलकट, त्याला कापसाची शेंडी चिकटलेली. ती टोपली सातव्या जिनवरच्या एका नव्या पोरीची होती. लग्न होऊन दोन महिने झाले होते तिला. पट्टा उतरला तेव्हा तिच्या टोपलीतून दोन ओंजळी जिनला चारून झाल्या होत्या आणि तिसरी हातात होती. 

मॅनेजरनं बोल्ट हातात घेऊन फिरवला. मग दाजींना दिला. "फिटर, वर लावा. नीट आवळा." एवढंच. दाजींनी बोल्ट धोतराला पुसला आणि शिडी चढायला लागले. मी खालून शिडी धरली. भोंग्याला दहा मिनिटं होती.

मॅनेजर मुकादमबाईंकडं वळला. त्याच्या मनात यंत्र भरलं होतं. "क्या बाई, असलं एक मशीन जिनिंगला घ्यावं का?"

त्यांनी हेडफोन काढला, पडशी उतरवली, पदर सारखा केला.

"घ्या की साब. मशीन लय चांगली हाय. फकस्त ह्या मास्तरला तिच्यापून लांब बांधून ठिवा."